व्हॅन आर्टचा फॉर्म गेला होता, की उशिरा आला होता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2025 च्या वसंतात बेल्जियमचा सायकलपटू वाउट व्हॅन आर्टने मिलान–सान रेमो ही एकदिवसीय शर्यत सोडली, उंचावर जाऊन सराव केला, सगळा जोर टूर ऑफ फ्लँडर्स आणि पॅरिस–रूबे या दगडी रस्त्यांवरच्या दोन शर्यतींसाठी राखून ठेवला, तरी हातात काही पडलं नाही. एवढे डॉक्टर, एवढे आकडे, एवढी मोठी टीम असताना फॉर्म येत कसा नाही? आणि शेवटी हळूच जोडलेलं वाक्य, जे मला वाटतं खरा प्रश्न आहे: "माझंही तेच होतंय. सराव वाढवला की पाय जड होतात."

आधी शब्दाचं बघू. 'फॉर्म' हा शब्द आपल्या तोंडी क्रिकेटमधून आला. फलंदाजाचा फॉर्म जातो, मग एखाद्या दिवशी चाळीस धावा निघतात आणि त्याला सूर गवसतो. सायकलिंगमध्ये असं एका सकाळी काही गवसत नाही. इथे फॉर्म दह्यासारखा असतो: विरजण लावायचं आणि थांबायचं. थंडीत वेळ लागतो, उकाड्यात लगेच आंबट होतं, आणि मधेमधे भांडं हलवून बघणाऱ्याचं कधीच नीट लागत नाही.

मी पुण्यात चौदा वर्षं रोड सायकलिंगचं प्रशिक्षण देते. माझ्याकडे येतात ती बहुतेक सतरा ते बावीस वयाची मुलं-मुली, आणि थोडे नोकरी सांभाळून शर्यती करणारे लोक. व्हॅन आर्टच्या पॉवर मीटरच्या (पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणाऱ्या यंत्राच्या) फायली मी पाहिलेल्या नाहीत. त्याची झोप, त्याचं रक्त, त्याच्या घरची परिस्थिती यातलं मला काही माहीत नाही. म्हणजे हे बाहेरून केलेलं वाचन आहे. पण त्या वसंतातले निकाल क्रमाने मांडले तर बरंच काही दिसतं, म्हणून तेच करते.

'फॉर्म आला नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक, इंजिनच कमी पडतंय. दोन, इंजिन चांगलं आहे पण थकव्याखाली दबलंय. तीन, इंजिन आहे, ताजेपणा आहे, पण शर्यतीची धार नाही: घोळक्यात जागा मिळवणं, पुन्हा पुन्हा झटके देणं, सहा तासांनंतरही स्प्रिंट मारता येणं. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसान होतं. तुमचं पाय जड होणं हे मला वाचताक्षणी दुसऱ्यातलं वाटलं. व्हॅन आर्टचं मात्र तिसऱ्यातलं होतं, असं माझं मत आहे.

दुसऱ्या प्रकाराचं गणित जुनं आहे. एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मांडलं, की प्रत्येक सरावातून दोन गोष्टी एकदम मिळतात, क्षमता आणि थकवा. थकवा मोठा असतो पण लवकर उतरतो, क्षमता लहान असते पण रेंगाळते. आज तुमच्या ॲपमध्ये जो 42 दिवसांचा (क्षमतेचा) आणि 7 दिवसांचा (थकव्याचा) आलेख दिसतो, तो याचाच नातू. सराव कमी केल्यावर आधी थकवा ओसरतो, क्षमता अजून टिकून असते, आणि मधल्या त्या थोड्या दिवसांना फॉर्म म्हणायचं. थोडेच दिवस, हे महत्त्वाचं. फ्लँडर्स आणि रूबे यांच्यात एक आठवडा असतो. त्या आठवड्यावर खिडकी नेमकी उघडायची, हे निशाण्यावर दगड मारण्यासारखं आहे, तेही महिनाभर आधीच्या अंतरावरून.

आता 2025 चा हंगाम. पण तो नोव्हेंबर–डिसेंबरच्या सरावापासून सुरू होत नाही, त्याच्या आधीच्या वर्षापासून सुरू होतो. 27 मार्च 2024 ला द्वार्स डोर व्लांदरेन या शर्यतीत तो मोठ्या वेगात पडला. कॉलरबोन, बरगड्या आणि छातीचं हाड मोडलं. फ्लँडर्स आणि रूबे दोन्ही गेल्या. सावरून तो व्हुएल्ता या स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीला गेला, तीन टप्पे जिंकला, आणि तिसऱ्या आठवड्यात पावसात उतारावर पुन्हा पडला, गुडघ्याला जखम झाली, शर्यत सोडावी लागली. म्हणजे एका वर्षात दोन मोठे अपघात, आणि हिवाळ्यातला पाया घालायचा काळ दुखापतीतून उठण्यात गेला.

1 मार्च 2025 ला ओम्लूप हेट निउव्सब्लाड ही बेल्जियममधली हंगामाची पहिली मोठी शर्यत झाली. त्यात तो पुढच्या झुंजीत दिसला नाही. मग तो उंचावरच्या शिबिराला गेला. परतल्यावर 28 मार्चला ई3 ही बेल्जियममधलीच शर्यत: पंधरावा, आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी माथ्यू व्हॅन डर पूल एकटा सुटून जिंकला. 2 एप्रिलला द्वार्स डोर व्लांदरेन: दुसरा. 6 एप्रिलला फ्लँडर्स: चौथा. 13 एप्रिलला रूबे: चौथा. 18 एप्रिलला ब्राबांत्से पाइल: रेम्को एव्हेनपूलच्या मागे दुसरा. 20 एप्रिलला आम्स्टेल गोल्ड: चौथा.

नुसते आकडे वाचले तर 'जिंकला नाही' एवढंच दिसतं. मी ही यादी माझ्या मुलांसमोर ठेवते तेव्हा एकच प्रश्न विचारते: तो चौथा कसा आला? फ्लँडर्समध्ये आउडे क्वारेमॉन्ट या दगडी चढाच्या शेवटच्या फेरीत टूर द फ्रान्सचा विजेता ताडेय पोगाचार निघून गेला. मागे चौघे उरले, आणि दुसऱ्या जागेच्या स्प्रिंटमध्ये मॅड्स पेडरसन पहिला, व्हॅन डर पूल दुसरा, व्हॅन आर्ट तिसरा. रूबेत तिसऱ्या जागेसाठी पुन्हा स्प्रिंट, पुन्हा पेडरसन पुढे. म्हणजे अडीचशे किलोमीटरहून जास्त अंतर, दगडी रस्ते, चढ हे सगळं पार करून तो पहिल्या पाचांत होता. इंजिन नसलेला माणूस तिथे पोहोचतच नाही. कमी पडत होते ते शेवटचे दोनशे मीटर.

आणि आम्स्टेल? मॅटियास स्केलमोसे, पोगाचार आणि एव्हेनपूल पुढे निघून गेले होते. मागच्या गटाचा स्प्रिंट व्हॅन आर्टने जिंकला. तोही चौथाच क्रमांक, पण रूबेच्या चौथ्याहून अगदी निराळा. स्प्रिंट परत आला होता, फक्त तोवर दगडी रस्त्यांचा मोसम संपला होता.

हे का झालं असावं, त्यासाठी उंचावरच्या शिबिराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर आपल्याकडे फार भाबडेपणा आहे. तेनेरिफे बेटावरचा तेइदे ज्वालामुखी हे सायकलपटूंचं आवडतं ठिकाण, राहायचं हॉटेल समुद्रसपाटीपासून 2100 मीटरहून वर. तिथल्या विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन जास्त तयार करतात, त्यातून लाल पेशी वाढतात, आणि दोन-तीन आठवड्यांत रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद थोडी वाढते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. जे सांगितलं जात नाही ते असं, की वर असताना तुम्ही खालच्याइतके वॉट काढू शकत नाही. कठीण सराव आपोआप सौम्य होतो. दम वाढतो पण पायांतला झटका बोथट होतो. मग खाली आल्यावर पहिले काही दिवस बरे जातात, मधे एक पडेल काळ येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी खरा फायदा दिसतो. हे वेळापत्रक माणसागणिक बदलतं. एकदा मी दोघांना मनालीला तीन आठवडे नेलं होतं. दोघांचा सराव एकच, जेवण एकच. एक जण परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात अक्षरशः उडत होता. दुसरा दीड महिना सिंहगडाच्या चढावर आपल्याच जुन्या वेळेच्या मागे राहिला. त्याचं काय चुकलं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

तर शिबिरावरून उतरून थेट ई3 मध्ये पंधरावा येणं मला अपेक्षितच वाटलं. ही शर्यत फ्लँडर्सची धाकटी बहीण आहे, तेच चढ, तीच भांडणं. मधे एखादी आठवडाभराची टप्प्यांची शर्यत किंवा सान रेमोचे सुमारे 290 किलोमीटर पायांत असते, तर धार लवकर आली असती. पण मग शिबिराला वेळ उरला नसता. ही अदलाबदल आहे, चूक नाही. आदल्या वर्षीही त्याने असाच सान रेमो सोडला होता, कुर्न–ब्रसेल्स–कुर्न जिंकली होती, ई3 मध्ये तिसरा आला होता, आणि योजना जमत आल्यासारखी दिसत असतानाच तो अपघात झाला. त्यामुळे त्याच वाटेवर पुन्हा विश्वास ठेवणं समजण्यासारखं आहे. मी त्याच्या जागी असते तर? बहुधा तेच केलं असतं, आणि तुमच्यासारख्यांचे प्रश्न वाचत बसले असते.

आता ती 2 एप्रिलची शर्यत. त्याच नावाची, जिच्यात वर्षभरापूर्वी तो मोडला होता. शेवटी चौघे पुढे: व्हॅन आर्ट, त्याचे सहकारी टिश बेनोट आणि मॅटेओ जॉर्गेन्सन, आणि दुसऱ्या टीमचा एकटा नीलसन पाउलेस. तीनास एक. आमच्या क्लबमधला पंधरा वर्षांचा पोरगाही सांगेल काय करायचं: एकाने हल्ला करायचा, पाउलेस त्याच्या मागे धावेल, पकडला की दुसऱ्याने निघायचं. दोन-तीन फेऱ्यांत त्या एकट्याचे पाय संपतात. त्याऐवजी सगळं व्हॅन आर्टच्या स्प्रिंटसाठी राखलं गेलं. पाउलेसला एकाही हल्ल्याला उत्तर द्यावं लागलं नाही, आणि शेवटी तो व्हॅन आर्टला मागे टाकून जिंकला. दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी टवाळी झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. व्हॅन आर्टने मात्र दोष स्वतःकडे घेतला, की आपल्यालाच जिंकायचं होतं आणि म्हणून आपणच स्प्रिंट मागितला.

ही शर्यत फॉर्मच्या खात्यात टाकायची की डावपेचांच्या? दोन्ही, पण डावपेच जास्त. बरेच महिने विजय नसला की माणसाला फक्त विजय नको असतो, पुरावा हवा असतो. 'मी अजून तोच आहे' असा. आणि मग तो असा मार्ग निवडतो जिथे सगळं आपल्या पायांवर येऊन ठेपतं, नेमकं ज्या गोष्टीची धार अजून आलेली नाही तिच्यावर. ताजेतवाने असताना पाउलेस आणि व्हॅन आर्ट या दोघांनी शंभर स्प्रिंट मारले तर बहुतेक व्हॅन आर्ट जिंकेल. पण 180 किलोमीटरनंतरचा स्प्रिंट हा वेगळाच प्राणी आहे. म्हणून आम्ही मुलांचा स्प्रिंट दोनदा मोजतो, सुरुवातीला आणि चार तासांच्या राइडच्या शेवटी. काहींचा आकडा जेमतेम घसरतो, काहींचा एक तृतीयांशाने. शर्यत दुसरा आकडा ठरवतो, आणि समाजमाध्यमांवर टाकला जातो तो नेहमी पहिला.

अपघाताचा आणखी एक परिणाम असतो, जो टीव्हीवर दिसत नाही. माझा एक विद्यार्थी उतारावर पडून कॉलरबोन मोडून बसला होता. अकरा आठवड्यांत त्याचा वीस मिनिटांचा आकडा (तेवढा वेळ टिकवलेले सरासरी वॉट) जुन्या जागी आला. घरचे खूश, मीही खूश. मग आम्ही ग्रुपने पसरणी घाट केला, आणि वाईच्या बाजूला उतरल्यानंतर तो मागे मागे पडत गेला. संध्याकाळी फाइल उघडली. एका तासात 61 वेळा त्याने 500 वॉटच्या वर झटका दिला होता. पूर्वी त्याच रस्त्यावर असे झटके चाळीसच्या आत असायचे. कारण साधं होतं: प्रत्येक वळणाआधी तो इतरांपेक्षा अर्धा सेकंद आधी ब्रेक दाबत होता, दोन-तीन सायकलींइतकं अंतर पडत होतं, आणि ते भरायला पेडलवर उभं राहावं लागत होतं. ताकद कमी झाली नव्हती, ताकदीचा खर्च वाढला होता. त्याला मी ओरडले नाही. रिकाम्या मैदानात खुणा ठेवून वळणं घ्यायला लावली, महिनाभर.

व्हॅन आर्टच्या डोक्यात असं काही होतं का, हे मला माहीत नाही आणि मी त्यावर पैज लावणार नाही. पण फ्लँडर्समध्ये जागेची किंमत काय असते ते बघा. कोपेनबर्ग हा तिथला चढ सहाशे मीटरचा, सर्वांत तीव्र जागी 22 टक्के, ओबडधोबड दगडांचा, अरुंद. समोरचा घसरला की मागच्याला पाय खाली टेकवावा लागतो. तिथे दहावा असलेला आणि चाळिसावा असलेला यांच्या पायांत फरक नसला तरी वरच्या टोकाला त्यांच्यात मोठं अंतर पडलेलं असतं. असे चढ पंधरावर. प्रत्येक वेळी थोडं मागे असलेला माणूस शेवटच्या क्वारेमॉन्टला पोहोचतो तेव्हा त्याच्या खिशातली चिल्लर संपलेली असते.

शिवाय समोर कोण होतं तेही सांगायला हवं. व्हॅन आर्ट साधारण 78 किलोचा, पोगाचार त्याच्याहून दहा-बारा किलोंनी हलका. क्वारेमॉन्टसारख्या दोन किलोमीटरहून लांब चढावर हे वजन सहाव्या तासाला बोलतं. दहा वर्षांपूर्वी टूर द फ्रान्सचे विजेते या दगडांकडे फारसे फिरकत नसत. आता येतात आणि जिंकतात. व्हॅन आर्टने 2020 साली सान रेमो जिंकली, 2021 साली आम्स्टेल, त्याच माणसाला त्याच ताकदीवर 2025 मध्ये चौथी जागा मिळू शकते. ह्याला फॉर्म जाणं म्हणत नाहीत, बाजारभाव वाढला म्हणतात.

इंजिनच रिकामं झालेला वसंत बघायचा असेल तर पीटर सागानचं 2019 साल बघा. शिबिराच्या काळात पोट बिघडलं, वजन उतरलं, तिरेनो–आद्रियातिको या इटलीतल्या आठवडाभराच्या शर्यतीत तो कसाबसा टिकला. सान रेमोत चौथा, फ्लँडर्समध्ये अकरावा, रूबेत पाचवा. क्रमांक व्हॅन आर्टसारखेच दिसतात, पण पुढची दिशा बघा: आम्स्टेल आणि लिएज या एप्रिलअखेरच्या दोन्ही शर्यती त्याने अर्धवट सोडल्या. व्हॅन आर्टचा आलेख शर्यतीगणिक वर जात होता, सागानचा खाली. आजारानंतर माणूस साठवलेल्यावर काही आठवडे चालतो आणि मग पेटी रिकामी होते. त्याला विश्रांती हाच उपाय होता, आणि त्या जुलैमध्ये टूर द फ्रान्समध्ये त्याने कोलमारचा टप्पा जिंकून सातवी हिरवी जर्सी (गुणांच्या विजेत्याची) नेली.

व्हॅन आर्टचंही पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. आजारपणातून उठून तो जिरो या इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीला गेला, पहिल्याच टप्प्यात पेडरसनच्या मागे दुसरा आला, नंतर काही दिवस चढांवर सुटत राहिला, आणि 18 मे ला पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून सिएनाच्या चौकात इसाक देल तोरोला हरवून जिंकला. जुलैत टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या चढावर त्याने पोगाचारला मागे टाकलं. चढावर, पोगाचारला. एप्रिलमध्ये ज्यांनी त्याला संपवलं होतं ते त्या संध्याकाळी गप्प होते, निदान माझ्या ग्रुपवरचे तरी.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की सराव वाढवला की पाय जड होतात. तुमचं वय, झोपेचे तास, कामाच्या पाळ्या, शर्यत किती लांब आहे, हे काहीच लिहिलेलं नाही, आणि उत्तर यावरच अवलंबून आहे. तरी तीन गोष्टी विचारते. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा सात-आठने वर आहे का? सोप्या राइडलाही पायांत आग होते का? आणि गेल्या महिन्यात ताप, डेंग्यू, पोट असं काही झालं का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर आलेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटून या. रक्त तपासल्याशिवाय सराव वाढवू नका. पहिल्या दोन्हींचं हो असेल तर दहा दिवस तासांना कात्री लावा, निम्मे करा, पण आठवड्यातून दोनदा छोटे जोरदार झटके ठेवा. सगळंच बंद केलं तर धारही जाते.

तिन्हींची उत्तरं नाही असतील, आकडे घरच्या ट्रेनरवर (जागेवरच सायकल चालवायच्या यंत्रावर) छान येत असतील आणि तरी ग्रुपमध्ये मागे पडत असाल, तर ताकद वाढवण्याच्या मागे लागू नका. येत्या रविवारी चार तासांच्या राइडच्या शेवटी, घराच्या अलीकडे दोन किलोमीटरवर, एक पंधरा सेकंदांचा स्प्रिंट मारा आणि आकडा लिहून ठेवा. बुधवारी ताजे असताना तोच मारा. दोन्ही आकडे आणि रविवारची फाइल इथे टाका, मग पुढचं बोलू.